घड्या न घातलेली पिशवी

— नाही हो, घाई कसली, बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — इथे दिवाणावर बसा, पिशवी सरकवा जरा पलीकडे, हां. दाढी तेवढी होऊ द्या ह्यांची. सलूनवाल्याने आत्ताच फेस लावलाय, आता फेस लावलेल्या माणसाला तुम्ही व्हॅनमधे घालून नेणार का? तुमच्या संस्थेतले लोक म्हणतील, हे कोण आजोबा उचलून आणलेत, अर्धे भिजलेले. आतून दार लावून घेतलंय त्याने, मी मधेमधे बोलते म्हणून. मी म्हणे बोलते. तो स्वतः वस्तऱ्यापेक्षा जास्त जीभ चालवतो, ते चालतं. आणि तुमचे ड्रायव्हर खाली आहेत ना — सावलीत लावलीय गाडी? मग झालं तर. पिशवीकडे बघू नका अशा. बघितलंत, दिसलं मला. तुम्हाला वाटलं असेल, काय बाई आहे, नवऱ्याला घराबाहेर पाठवतेय आणि कपडे बोळे करून कोंबलेत. धुतलेले आहेत सगळे, वास घेऊन बघा हवं तर. तसे का आहेत ते सांगते मागाहून, आधी मला जरा टेकू द्या. तुम्ही आलात म्हणून दारापर्यंत उठून आले ना, तेवढ्यानेच — थांबा. एक मिनिट. काही नाही, होतं असं.

हां, आता बरं आहे. मी डोळे मिटून बोलले तर रागावणार नाही ना? झोपत नाहीये, सगळं ऐकू येतं मला. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, अंधारी आली की भिंतीला टेकायचं, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचं. पहिली दोन करते मी, तिसरं नाही जमत. तुम्हाला चहा पण नाही विचारला बघा. घरी आलेल्या माणसाला चहा नाही — माझी आई असती तर तिने मला पोटची म्हणून ओळखसुद्धा दाखवली नसती. पण चहा म्हणजे काय, उठा, पातेलं घ्या, दूध काढा, उभं राहा, गाळा, मग ते पातेलं घासा. आज नाही परवडणार मला. आज मी सकाळपासून काही म्हणजे काही केलेलं नाही, ताई. सिंकमधे कालची भांडी तशीच आहेत, ती बघितली असतीलच तुम्ही, बघितल्याशिवाय इथवर येताच येत नाही. केर काढला नाही, केसांवरून कंगवा फिरवला तो पण बसून. आळस म्हणू नका. मुद्दामच काही केलं नाही. राखून ठेवलंय. कशासाठी ते सांगेन, नाहीतर नाही सांगणार, बघू.

माझ्या हृदयाचा पंप अर्धाच चालतो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, मला काही कळलं नाही, मी आपली मान हलवली. नंतर माझं मलाच कळलं. गच्चीवर पाण्याची टाकी असते ना — सकाळी जेवढं पाणी चढलं तेवढंच, दिवसभरात वर थेंब नाही. मग तुम्ही ठरवा, आंघोळीला वापरायचं, का भांड्यांना, का फरशी पुसायची. सगळ्याला पुरायचं नाही. आणि चुकून नळ मोठा सोडलात तर दुपारीच टाकी कोरडी, मग बसा हातपाय गाळून. लोक म्हणतात हळूहळू करा, जमेल तसं करा. अहो, हळूहळू केलं तरी टाकी तेवढीच ना. मला आधी लाज वाटायची. कुणी येणार म्हटलं की जीव तोडून आवरायचे, आणि ते गेले की दोन दिवस आडवी. माणसं म्हणायची, किती टापटीप ठेवलंय आजारपणातसुद्धा. त्या टापटिपीची किंमत मी आणि हे, आम्ही दोघं मोजायचो, न जेवता. मग सोडून दिलं.

काय काय सोडलं म्हणून सांगू. पहिल्यांदा इस्त्री सुटली, तिचं काही वाटलं नाही. मग पंख्यावरची धूळ, मग खिडक्यांच्या काचा — बाहेरचं सगळं जरा धुकट दिसतं आता, माझ्या डोळ्यांनी नाहीतरी तसंच दिसतं. मग फरशी. फरशीचं फार लागलं मला, मी फरशी पुसणारी बाई, माझ्या फरशीत तोंड बघून घ्यावं अशी असायची. आता मी पायवाटेपुरता केर काढते. पलंगापासून बाथरूमपर्यंत, बाथरूमपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून परत पलंगापर्यंत. बाकीच्या घराला म्हटलं, बाबा रे, तू आराम कर, तुझी सेवा खूप झाली. बघितलं तर कळेल तुम्हाला, फरशीवर रंगच वेगळा दिसतो तिथे. स्वयंपाक एका पातेल्यात, आणि दोघांत ताट एकच. ही समोरची बाई एकदा डोकावली तर म्हणते, अय्या, एका ताटात जेवता का तुम्ही दोघं, ह्या वयात काय हे प्रेम. म्हटलं, प्रेम कसलं, एक ताट कमी घासायचं. असेलही थोडं प्रेम. पण आधी ताट.

एक काम मात्र सोडलं नाही. ह्यांचं. रोज चादर बदलायची, अंग पुसायचं, कूस बदलायची, दिवसाआड बाथरूममधे नेऊन नीट आंघोळ घालायची. बाकी सगळं सोडलं ते ह्याच्यासाठीच सोडलं ना. लोकांना वाटतं हिचं घर गेलं हातातून. घर नाही गेलं हो. मी घर विकून हे एक ठेवलं होतं असं समजा. पाठीला बघा त्यांच्या, तिथे गेल्यावर बघा, एक जखम नाही. इतके महिने अंथरुणात असलेला माणूस आणि पाठ कशी, लहान मुलाची. हे तुम्ही तुमच्या मोठ्या बाईंना सांगा. कुणीतरी बघून कौतुक करावं असं वाटतं मला, सरळ सांगते.

ह्यांचं काम काय होतं माहितीय? तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरवर. नोकरीला लागले ते तिथे, आणि सुटले ते तिथूनच. गिऱ्हाईक येतं, शर्ट उलगडतं, अंगाला लावतं, नको म्हणतं, दुसरा दाखवा म्हणतं. आणि हे त्याच्याशी बोलताबोलता, खाली न बघता, तो उलगडलेला शर्ट होता तसा करायचे. कॉलर वर, बाह्या पाठीमागे, एक सुरकुती नाही, नुसता हात फिरला की झालं. आणि मान वर करून म्हणायचे, 'पुढचं?' म्हणजे पुढचं काय दाखवू. घरी आले तरी तेच. जेवण वाढलं, भाजी संपली, की 'पुढचं?' मी म्हणायचे, पुढचं काही नाही, उठा आता. लग्न झालं तेव्हा मी घातलेली घडी बघून म्हणाले, ही घडी नाही, हा बोळा आहे. मी जी चिडले. म्हटलं, मग घाला तुम्हीच. आणि खरंच, तेव्हापासून ह्या घरात मला एका कपड्याला घडी घालावी लागलेली नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. काढलं होतंच. फक्त चादर दोघांची. चादरीला दोन माणसं लागतात ना. दोन टोकं मी धरायची, दोन ह्यांनी, झटकायची, मग जवळ यायचं आणि माझी टोकं त्यांच्या हातात द्यायची. तरुणपणी त्या चादरीला जरा वेळच लागायचा — जाऊ दे, लेकीच्या वयाच्या आहात तुम्ही.

मग त्यांची उजवी बाजू गेली. सकाळी उठायला गेले आणि उठताच येईना. बोलणंही गेलं, राहिले चार शब्द. 'बरं', 'नाही', 'पाणी' आणि 'पुढचं'. एवढेच. माझं नाव नाही राहिलं. आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली ते नाव गेलं आणि दुकानातला शब्द राहिला. हे मी कुणाला बोलले नाही, आज तुम्हाला बोलतेय. फार लागलं मला ते, अजून लागतं. मला हाक मारायची झाली तरी 'पुढचं' म्हणतात. मी 'ओ' देते. काय करणार, त्यांच्या तोंडून मी म्हणजे आता तेच.

तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. खाणं नाही, बघणं नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, औषधं चालू ठेवा. औषधांनी काय होतंय. मला हात वर करून दोरीवर कपडे घालता येईनात, म्हणून मी ते ह्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीच्या गजांवर वाळत घालायला लागले. ओला टॉवेलसुद्धा किती जड असतो हे आजारी पडल्याशिवाय नाही कळत. एकदा वाऱ्याने एक नॅपकिन उडाला तो ह्यांच्या छातीवर. मी दारातून बघत होते. ह्यांनी तो डाव्या हाताने उचलला, बघितला, मांडीवर पसरला. हनुवटीखाली एक टोक दाबलं. आणि किती तरी वेळ त्या एवढ्याशा नॅपकिनशी झुंजत राहिले, मी जागची हलले नाही, म्हटलं आपला श्वास लागला तरी लागू दे. घडी झाली. वाकडी. एक कोपरा बाहेर आलेला, मांजराच्या कानासारखा. ती त्यांनी हाताने थोपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'पुढचं.' मी धावत गेले — धावत कसली, भिंत धरून — आणि दुसरा नॅपकिन दिला. मी रडत होते आणि ते नॅपकिन मागत होते. तेव्हापासून घरातले सगळे कपडे परत त्यांच्याकडे गेले. प्रत्येक घडीला तो कान असतोच, तो काही त्यांना आत दाबता येत नाही. चादर असली की मी पलंगाच्या पायथ्याशी बसून दोन टोकं धरते, एक टोक त्यांच्या दातात, एक हातात. पलंगाखाली त्यांच्या डाव्या हाताशी एक खण आहे, झालेली घडी त्यात जाते. तो खण त्यांचा. मी त्यात हात घालत नाही, लागलं तर मागते. गिऱ्हाइकासारखी.

काय म्हणालात? — हां, तो आवाज ना, वाटी पडली असेल फेसाची. बोलतोय बघा कसा आत, श्वास न घेता. चांगला माणूस आहे हो. तो नसता तर तुम्ही आज इथे आलाच नसतात, दुसरेच कुणी आले असते. बाथरूममधे पडलो आम्ही. दोघं. मी त्यांना खुर्चीवरून उठवत होते, नेहमीसारखं, माझे हात त्यांच्या काखेत, आणि मधेच माझ्या डोळ्यांपुढे सगळं काळं झालं. शुद्धीवर आले तर मी भिंतीशी आणि हे माझ्या पायांवर. लागलं नाही फारसं. पण मला त्यांना उचलता येईना आणि त्यांना मला. ओल्या फरशीवर बसलो तसेच. ह्यांनी डाव्या हाताने टॉवेल ओढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. मला थंडी वाजू नये म्हणून. स्वतः उघडे बसले होते. मी हाका मारल्या, पण माझा आवाज तो केवढा. त्यांचा वार होता दाढीचा म्हणून सलूनवाला आला. दाराची कडी मी लावतच नाही, उघडायला उठायला नको म्हणून. तो आत आला आणि आम्हाला बघून तिथेच खाली बसला, रडायला लागला. मग आम्ही दोघंच हसलो, हे पण हसले, अर्ध्या तोंडाने. म्हटलं, अरे बाबा, रडतोस कसला, आधी उचल. त्याने त्यांना उचललं, मग मला. त्या दिवशी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. म्हणाल्या, तुम्ही ह्यांना उचलायचं नाही. आज नाही, महिन्याने नाही, कधीच नाही. हे 'कधीच' त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओरडण्यापेक्षा तेच ऐकू आलं.

आणि मी ह्यांना काय सांगितलंय ते ऐका, हे महत्त्वाचं आहे, हे तुम्हाला सांभाळायचंय. मी सांगितलंय महिनाभर. म्हटलं, महिनाभर तिकडे राहा, मला जरा विश्रांती होईल, मी ठणठणीत होते, मग महिन्याने आणते परत. ते म्हणाले, 'बरं.' रोज सांगते, रोज म्हणतात, 'बरं.' तुम्ही तिथे त्यांच्यासमोर काही बोलू नका. कायमचं, नेहमीचं, असले शब्द काढू नका, बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं नाही. आम्ही दोघंच आहोत, पहिल्यापासून दोघंच, मधे कुणी नाही. मी कधी त्यांच्याशी खोटं बोललेच नव्हते, गरजच पडली नाही. आणि बोलले ते एवढं मोठं.

म्हणून तर सकाळपासून बसून आहे. विचारलंत ना — नाही विचारलंत, पण विचारलंत असं समजते. आजची सगळी टाकी मी एका कामासाठी राखून ठेवलीय. ते निघतील ना, तेव्हा उभं राहायचं. त्या दारात, भिंत न धरता, हसऱ्या तोंडाने, ठणठणीत व्हायला निघालेल्या बाईसारखं. त्यांची खुर्ची जिन्यापर्यंत जाईपर्यंत तरी. कारण त्यांनी मला बसलेलं बघितलं, नाहीतर रडताना बघितलं, तर पलंगाची कड धरतील डाव्या हाताने. त्या एका हातात आता दोन हातांचा जोर आहे, चार माणसांनासुद्धा सुटायचा नाही तो. आणि म्हणतील, 'नाही.' ते एकदा नाही म्हणाले ना ताई, तर मी पण नाही म्हणेन. लगेच म्हणेन, मला माझी खात्री नाही. आणि मग पुढच्या वेळी आम्ही पडू तेव्हा दाढीचा वार नसेल. एवढंच आहे सगळं. एवढंसं काम आहे आजचं, उभं राहायचं.

शांत झालं का आत? संपत आलेलं दिसतंय. उघडते आता डोळे, तुमच्याशी बोलून जरा — अगं बाई.

हे काय केलंत तुम्ही.

सगळ्या? सगळ्या कपड्यांच्या घातल्यात? मी आपली डोळे मिटून बडबडतेय आणि तुम्ही — नाही, नाही, ओरडले नाही तुमच्यावर, दचकू नका. किती सुरेख घातल्यात. हात चांगला आहे तुमचा. मला मदत म्हणून केलंत, कळतंय मला, चुरगळलेली पिशवी बघवली नाही तुम्हाला. पण ते उलगडा. सगळे उलगडा, ताई, पटकन, ते बाहेर यायच्या आत.

सांगते, उलगडताउलगडता सांगते, तुम्ही शर्ट घ्या, मी नॅपकिन घेते, ते हलके आहेत. ह्यांची धाकटी बहीण, आमच्या वन्सं, आल्या होत्या राहायला. मनाने सोन्यासारखी बाई. घर बघून रडल्या आणि पदर खोचून लागल्या कामाला. सगळं लख्ख केलं. मला इतकं बरं वाटलं, फरशीवरून हात फिरवला मी. आणि हे झोपले असताना त्यांनी तो खण उपसला आणि सगळ्या घड्या परत घातल्या, काटकोनात, दुकानासारख्या. भावाला बरं वाटावं म्हणून. हे उठले, खण ओढला, आणि बघत बसले. एक कान नाही कशाला. खण ढकलला आणि भिंतीकडे वळले. वन्सं गेल्यावरसुद्धा मी कपडे मांडीवर ठेवायचे आणि ते तसेच घरंगळू द्यायचे, जेवणसुद्धा तसंच तोंडातून घरंगळायचं. मला वाटलं, गेले हे आता. शेवटी मी त्यांच्यासमोर बसून एका टॉवेलला घडी घातली, माझी, बोळ्यासारखी, आणि त्यांना दाखवून म्हटलं, छान झालीय ना. ते बघवलं नाही त्यांना. ओढून घेतला. तेव्हा कुठे परत सुरू झालं.

तुमच्याकडे फोन केला होता मी, त्या बाई म्हणाल्या, आजी, काही काळजी करू नका, कपडे धुऊन घड्या घालून येतात, त्यांना तिथे काही म्हणजे काही करावं लागणार नाही. काही करावं लागणार नाही म्हणजे दिवसभर करायचं काय त्यांनी? भिंत? म्हणून मी हे असे भरलेत. भरताना ते बघत होते, हात पुढे केला, मी म्हटलं, आत्ता नाही, तिथे गेल्यावर. एकही कपडा घडीचा टाकला नाही मी आत. तुम्ही एवढंच करायचं, पलंगावर टेकवलंत की ही पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि जायचं. ते एकेक काढतील. अनोळखी खोली, अनोळखी माणसं, बोलता येत नाही. पण हातात काम असलं की ती पहिली संध्याकाळ तेवढी निघेल. तेवढ्यापुरतं मी भरलंय. पुढे तुमच्या धुण्यातले नॅपकिन देत जा, कुणाचे का असेनात. 'पुढचं' म्हणाले की पुढचा द्यायचा. कान राहिला तर राहू द्या, दाबू नका. आणि ही चादर — हिची दोन टोकं धरायला कुणीतरी लागेल. तुम्ही याल का त्या वेळी? रोज नको, चादरीच्या दिवशी फक्त. त्यांना फार वेळ लागतो, तोवर नुसतं धरून बसायचं असतं समोर. माझ्या इथल्या चादरी — त्या बघू नंतर.

झालं, झटका ती, हां, आता दिसतंय कसं होतं तसं. पिशवी धरा उघडी, मी टाकते. आत काय आहे अजून? तुम्ही सगळे नाही काढलेत का बाहेर — हे तळाशी काय आहे मऊ?

हा स्वेटर मी नव्हता भरला.

तुम्ही घातलीत का ही घडी? नाही? असाच होता, खाली, आधीपासून? — नाही नाही, मी नाही टाकला, मी कशाला टाकेन, बाहेर बघा केवढं ऊन आहे, भर उन्हाळ्यात कोण — आणि महिनाभरासाठी. मी उन्हाळ्याचेच घेतले सगळे, मुद्दाम, मोजकेच, त्यांना दिसावं म्हणून, की बघा, थोडेच दिवस आहेत. हा त्यांच्या खणात असतो. पिशवी रात्रभर त्यांच्या पलंगाशी होती, मला उचलेना म्हणून तिथेच राहिली, आज सलूनवाल्याने आणून ठेवली इथे. दाखवा इकडे. कोपरा बघा. बघा ना, हा बाहेर आलाय तो.

म्हणजे थंडीपर्यंत. त्यांना माहितीय. मी रोज सांगतेय 'महिनाभर', आणि ते रोज मला 'बरं' म्हणतायत. मला बरं वाटावं म्हणून 'बरं' म्हणतायत. अहो, मी ह्यांना फसवतेय म्हणून इथे दिवाणावर माझ्या डोळ्याला डोळा नाही लागला, आणि हे आत अंधारात एका हाताने, हनुवटीखाली धरून...

नाही. हा नका उलगडू. द्या इकडे. हा होता तसा खाली ठेवा, असाच, आणि वर बाकीचे कोंबा. कोंबा जोरात. मी बघितला नाही. तुम्हीही बघितला नाही, ताई. त्यांनी लपवलाय ना माझ्यापासून, मग मला नाही दिसला. महिनाभरासाठी चाललेत ते.

ऐकलंत? 'पुढचं' म्हणाले आत. झाली दाढी. कडी काढतोय तो. हात नका देऊ मला, राहू द्या, उठते मी माझी. पदर ठीक आहे ना, तोंड पुसलेलं दिसत नाही ना? तुम्ही जरा बाजूला व्हा, मला दारात उभं राहायचंय. आणि आता माझ्याशी काही बोलू नका.